वेटसूट अंगाला नीट बसतो म्हणजे नेमकं काय?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की तपासणी संपवून उठता उठता पेशंट विचारतात, "डॉक्टर, मालवणला चाललोय. स्कूबा केलं तर चालेल ना?" मग मी कान, दमा, रक्तदाब, हृदय यांबद्दल विचारते. मी स्वतः हौसेने डायव्हिंग करते, त्यामुळे आणखी एक प्रश्न माझ्याकडून हमखास जातो, "सूट कसा निवडणार?" यावर बहुतेक जण हसतात. "त्यात काय निवडायचं? ते देतील तो!"

आजचा लेख या उत्तराबद्दल आहे.

आधी सूट लागतोच कशाला ते पाहू. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं. मालवणचा किंवा अंदमानचा समुद्र २६ ते ३० अंशांचा असतो, म्हणजे हाताला चक्क कोमट लागतो. पण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. त्यामुळे अशा पाण्यातही पाऊण तासाने थंडी वाजू शकते. कुडकुडायला लागलेला माणूस जास्त हवा वापरतो, त्याचे हात नीट चालत नाहीत आणि लक्षही उडतं. पाण्याखाली ही तिन्ही लक्षणं घातक आहेत.

वेटसूट निओप्रीनचा, म्हणजे बारीक बारीक बुडबुडे असलेल्या रबराचा असतो. ऊब खरी राखतात ते हे बुडबुडे. अंग आणि सूट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो शरीराच्या उष्णतेने तापतो आणि तिथेच राहतो. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला ते गरम पाणी बाहेर जातं आणि गार पाणी आत शिरतं. असा सूट घालूनही माणूस गारठतो. शिवाय दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुड्यांतला वायू निम्म्या जागेत मावतो, सूट पातळ होतो आणि ऊबही कमी होते. आपल्याकडच्या पाण्याला ३ मिलिमीटरचा सूट सहसा पुरतो. पाणी २०-२४ अंशांचं असेल तर ५ मिलिमीटरचा, त्याहून गार असेल तर ७ मिलिमीटरचा लागतो.

हे ऐकून लोकांची समजूत होते की सूट जितका घट्ट तितका चांगला. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती इथे.

जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे बोट ठेवलं की नाडी लागते, तिथल्या रक्तवाहिनीत रक्तदाब मोजणारी एक नैसर्गिक यंत्रणा असते. सुटाची कॉलर तिथे आवळली गेली तर दाब वाढला आहे असं मेंदूला वाटतं. तो नाडी मंद करतो, रक्तदाब उतरवतो. गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित माणूस बेशुद्धही पडतो. किनाऱ्यावर घडलं तर आपण त्याला आडवं करतो. पाण्याखाली तसं करता येत नाही.

दुसरा मुद्दा छातीचा. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पायांतलं अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त छातीकडे सरकतं. फुप्फुसांवर आधीच हा भार असताना वरून सूट आवळत असेल तर श्वास उथळ होतो, धाप लागते आणि धापेने घाबरायला होतं. काही जणांच्या, विशेषतः उच्च रक्तदाब असलेल्यांच्या, फुप्फुसात पाण्यात असतानाच द्रव साचू लागतो. ही अवस्था क्वचितच येते, पण जिवावर बेतू शकते. अतिघट्ट सूट आणि गार पाणी या दोन्ही गोष्टी तिला हातभार लावतात. डायव्हिंग करताना कारण नसताना धाप, खोकला किंवा फेसाळ थुंकी आली तर लगेच वर येणं आणि डॉक्टरांकडे जाणं हाच उपाय.

माझ्या एक पेशंट आहेत. शिक्षिका, वय बावन्न, रक्तदाबाची गोळी चालू. फिटनेसची तपासणी करून, हृदयाचा आलेख काढून त्या डायव्हिंगला गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पाण्यात तोंड घातलं आणि जीव गुदमरला. दोन मिनिटांत बाहेर आले. माझं वयच झालं." विचारत गेले तेव्हा कळलं, त्यांना मिळालेला सूट एका साइझने लहान होता. चेन लावायला दोघांना ओढावं लागलं होतं. "मग मोठा का नाही मागितला?" यावर त्या खाली बघत म्हणाल्या, "सगळ्यांसमोर एक्स्ट्रा लार्ज कसं मागायचं? बरोबर शाळेतल्या मुली होत्या."

हे उत्तर मी विसरलेले नाही. कारण त्या एकट्या नाहीत. सुटलेलं पोट, रुंद कंबर, जड छाती यांची लाज वाटते म्हणून माणसं श्वास कोंडणाऱ्या कपड्यात समुद्रात उतरतात. सुटाचे साइझ कंपनीगणिक बदलतात, एकाचा लार्ज दुसऱ्याचा मीडियम असतो. त्या अक्षराचा तुमच्या तब्येतीशी काहीही संबंध नाही. बाई पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या, मापाचा सूट मागून घेतला आणि मासे बघून आल्या. फोटो दाखवायला मुद्दाम दवाखान्यात आल्या होत्या.

सूट घातल्यावर एवढं तपासा.

कोरडा सूट थोडा घट्ट वाटणारच, भिजला की सैलावतो. पण पूर्ण खोल श्वास घेता आला पाहिजे, सलग दहा वेळा. कॉलरमध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे आणि मान दोन्हीकडे वळवताना घशाशी दाब येता कामा नये. हात डोक्यावर न्या, उकिडवे बसा. खांदे आणि गुडघे अडकू नयेत. कंबरेचा खळगा, काखा आणि जांघेत कापड फुगत असेल तर तिथे पाणी खेळणार, म्हणजे सूट मोठा आहे. मनगट आणि घोटे बंद बसावेत, पण बोटांना मुंग्या येऊ नयेत. चढवताना पायात प्लास्टिकची पिशवी घातली की सूट सरकतो. ओढायचा तो बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही.

सूट भाड्याचा असेल तर तो धुऊन वाळवलेला आहे ना, हे विचारायला संकोचू नका. ओल्या सुटात जंतू वाढतात आणि केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. आत पातळ, अंगाबरोबर बसणारा पोहण्याचा पोशाख घाला आणि बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने आंघोळ करा. काहींना निओप्रीनमधल्या रसायनांची किंवा चिकटद्रव्याची अॅलर्जी असते. सूट जिथे टेकतो नेमकं तिथेच पुरळ आलं तर त्वचारोगतज्ज्ञांना तसं सांगा.

आणि कोकणातलं ऊन लक्षात ठेवा. बोटीवर पाळी येईपर्यंत पूर्ण सूट घालून बसलात तर आत घामाच्या धारा लागतात. सूट कंबरेपर्यंतच चढवून ठेवा, सावलीत बसा, पाणी प्या.

हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, मगच सुटाचं बघू. बाकी सगळे ठीक असाल तर जरूर जा. फक्त पाण्यात उतरण्याआधी सूट आवळत असेल, तर तिथल्या प्रशिक्षकांना स्पष्ट आवाजात सांगा, "हा मला घट्ट होतोय, दुसरा द्या."