आधी रान, मग यादी

वाचकहो, अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी रात्री जेवणे झाल्यावर मुलाच्या संगणकावर खेळ खेळतो, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. आमच्या घरात तर पहिले चार दिवस हसूच चालले होते. "गुडघं दुखत्यात म्हणून पारावर जायचं सोडलं, आन् आता पोरखेळ धरला," असे आमच्या कारभारणीने शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले. पण चाळीस वर्षांच्या शेतीने जे मला शिकवले नव्हते ते या खेळाने शिकवले. किंवा शेतीने शिकवले असेल, मी ऐकले नसेल. म्हणून हे लिहितो आहे.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस आला तर आला. मागच्या वर्षी मृग निघाला, एक सर पडली आणि वडिलांच्या रिवाजाप्रमाणे मी लगेच बाजरी पेरली. पुढे अठरा दिवस थेंब नाही. बाजरी उगवली आणि करपली. दुबार पेरणी करावी लागली, बियाणे उधारीवर आणावे लागले. माझा धाकटा पदवी घेऊन शेती करायला घरी आला आहे. तो तेव्हा काही बोलला नाही आणि पुढेही बोलेना. दुधाचा हिशेब आणि विजेचे बिल, एवढेच आमचे बोलणे उरले. दोन माणसे एका ताटाशेजारी बसून न बोलता जेवतात तेव्हा भाकरी घशाखाली उतरत नाही. ज्यांनी हे भोगले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

एका रात्री तो खेळत बसला होता. मी जवळ जाऊन नुसते विचारले, "काय हाय ते?" त्याने आपली खुर्ची थोडी सरकवली. मला तेवढे पुरे झाले.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’, म्हणजे संस्कृती. सिड मायर या अमेरिकेतल्या खेळकर्त्याने तो १९९१ साली पहिल्यांदा काढला. त्याची सातवी आवृत्ती २०२५ साली आली, पण आम्ही खेळतो ती सहावी, २०१६ सालची. पटावरच्या खेळासारखी आपली खेळी झाली की मग दुसऱ्याची, त्यामुळे घाई नसते. काळ सुरू होतो तो इसवी सनाच्या चार हजार वर्षे आधी. तुमच्याजवळ असतो एक तांडा आणि एक लढवय्या. तांडा जिथे बसवाल तिथे पहिले गाव वसते. भोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरे असतात. कुठे गवताळ जमीन, कुठे टेकडी, कुठे वाळवंट. थोडा टापू दिसतो आणि पलीकडचे सगळे झाकलेले असते. गावाने पिकवायचे, बांधायचे, शिकायचे, आणखी गावे वसवायची. साधारण लांबीचा डाव पाचशे खेळ्यांचा. पण धाकटा म्हणाला, "आबा, पहिल्या चाळीस-पन्नास खेळ्यांतच निम्मा डाव ठरतो." सुरुवातीला एक गाव दहा खेळ्या उशिरा वसले, तर त्या दहा खेळ्यांचे धान्य, काम आणि ज्ञान पुढे कायमचे मागे राहते. सावकाराच्या व्याजासारखेच ते.

माझा पहिला डाव सोपा लागला. नदीकाठ, गवताळ जमीन, मागे डोंगर. मुलाच्या सांगण्याने मी आधी टेहळ्या तयार केला, मग गोफणवाला, मग स्मारक, धान्याचे कोठार, कामकरी आणि शेवटी दुसऱ्या गावासाठी नवा तांडा. डाव झकास जमला. पाच गावे झाली. मी खूश होऊन हा क्रम माझ्या वहीत उतरवून ठेवला. बियाण्याचे, खताचे हिशेब ज्या वहीत असतात त्याच वहीत. म्हटले, आता गुपित सापडले.

दुसऱ्या डावात खेळाने मला कोरड्या माळावर टाकले. नदी नाही, ओढा नाही. मी वही उघडली, तांडा होता तिथेच बसवला आणि यादी सुरू केली. या खेळात गोड्या पाण्याकाठच्या गावाला पाच माणसांपुरती वस्तीची सोय आपसूक मिळते. पाण्यापासून दूर असेल तर फक्त दोनांपुरती. माझे गाव वाढेना. नवा तांडा काढायचा तर गावातला एक माणूस कमी होतो, मग तांडाही निघेना. तेवढ्यात रानटी टोळीचा एक टेहळ्या येऊन माझे गाव बघून गेला. तो परत आपल्या तळावर पोहोचण्याआधी त्याला गाठले, तर हल्ला टळतो. पण माझ्या यादीत त्या वेळी स्मारक होते, म्हणून मी स्मारकच बांधत बसलो. थोड्या खेळ्यांनी घोडेस्वार आले. माझा एकुलता एक कामकरी त्यांनी धरून नेला.

नंतर टापू उघडा झाला तेव्हा दिसले, पहिल्या जागेपासून दोनच घरांवर तळे होते.

मी म्हणालो, "तुला ठावं होतं का?"

"अंदाज होता. कडंला हिरवळ दिसत होती."

"मग बोलला का न्हाईस?"

तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "तुमी इचारलं न्हाई. मागल्या वर्षी बी इचारलं नव्हतं."

वाचकहो, मला राग यायला हवा होता. पण आला नाही. कारण खोटे काहीच नव्हते. मी थोडा वेळ गप्प बसलो आणि मग वही त्याच्यापुढे सरकवली. म्हणालो, "यात चूक काय ते दाखव."

त्याने यादी वाचली. म्हणाला, "यादी चुकीची न्हाई, आबा. ती त्या रानाची हाय." मग त्याने मला एक काम सांगितले, आणि या सगळ्या लेखात तुम्हाला सांगण्यासारखे तेच आहे. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचे. काय करायचे ते तर लिहायचेच, पण का करायचे तेही लिहायचे.

आम्ही लिहायला बसलो. कोठार का? कारण त्याने आणखी दोन माणसांची सोय होते आणि थोडे धान्य मिळते. मग नदीकाठच्या गावाला ते थोडे उशिरा चालेल, कोरड्या गावाला मात्र आधी हवे. म्हणजे मी दोन्ही डावांत कोठार एकाच जागी ठेवले आणि एका डावात ते उलटे पडले. गोफणवाला का? रानटी टोळ्यांसाठी. टेहळ्याने जवळपास तळ पाहिला तर एकाऐवजी दोन घ्यावेत. नवा तांडा का? चांगली जमीन शेजाऱ्याच्या आधी धरण्यासाठी. शेजारी आठ-दहा घरांवर असेल तर तांडा आधी, स्मारक मागून. एकट्याचे बेट असेल तर दमाने. कारण लिहिले की कळते, ते कारण या रानात आहे की नाही. कारण नसेल तर ती ओळ खाली सरकवावी. टेहळ्या मात्र दोघांच्याही यादीत वरच राहिला. बघितल्याशिवाय बाकी काहीच ठरत नाही.

शिकण्याचेही तसेच. या खेळात एखादी विद्या नुसती वेळ देऊनही येते, पण त्या जातीचे काम हाताने केले तर शिकायचे बरेचसे अंतर एकदम कापले जाते. दगडाची खाण काढली की गवंडीकाम लवकर येते. गोफणवाल्याने शत्रू मारला की धनुर्विद्या लवकर येते. गव्हाच्या किंवा भाताच्या घरात शेत केले की पाटपाणी लवकर कळते. म्हणजे रान जे देते त्याच्या मागे गेले की विद्या स्वस्त पडते. भारताच्या बाजूने खेळले तर पाटपाणी आल्यावर बारव बांधता येते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर मी लहानपणी पाहिली आहे. परक्या मुलखातल्या खेळात पायऱ्यांची विहीर दिसली तेव्हा मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. बारवेने धान्यही वाढते आणि वस्तीची सोयही. कोरड्या रानात पहिल्यापासून त्या दिशेने शिकत गेलो असतो, तर तो दुसरा डाव कदाचित वाचला असता.

एवढे शहाणपण आल्यावर तिसरा डाव मी नक्कीच जिंकला असेन, असे तुम्हाला वाटेल. तो मी उलट्या बाजूने हरलो. आता मी दर खेळीला बेत बदलू लागलो. टोळी दिसली की गोफणवाला, शेजारी दिसला की तांडा, डोंगर दिसला की आणखी काही. या खेळात अर्धवट सोडलेले काम वाया जात नाही, पुन्हा तिथूनच पुढे चालते. पण अर्ध्या कोठारात धान्य मावत नाही आणि अर्धा गोफणवाला दगड मारत नाही. तांड्याचेही तेच केले. आणखी चांगली जागा मिळेल म्हणून सात खेळ्या तो हिंडवत राहिलो. तोवर बाकीच्यांची गावे रांगेला लागली होती. धाकटा म्हणाला, पाण्यासाठी एक-दोन खेळ्या चालावे, स्वप्नासाठी सात चालू नये. मग आम्ही असे ठरवले की बेत तीनदाच तपासायचा. तांडा बसवण्याआधी एकदा, टेहळ्या फिरून आला की एकदा, आणि नवा शेजारी किंवा टोळी दिसली तर. मधल्या वेळात हातातले काम पुरे करायचे.

खेळ आणि शेती एक नव्हे, हे मला कळते. खेळात डाव बिघडला तर रात्रीतून नवा मांडता येतो. खरिपाचा डाव वर्षातून एकदाच मिळतो. म्हणूनच मला वाटले, की जिथे चूक फुकट पडते तिथे चुकायची सवय मोडून घ्यावी.

यंदा मृग निघाला, दोन सरी पडल्या. बियाणे ओसरीत तयार होते. हात शिवशिवत होते. मी वही काढली. त्यात माझ्याच हाताने लिहिले होते, "मृगात पेरणी". पुढे कारण लिहायला घेतले. कारण काय? वडील पेरत होते म्हणून? वडील पेरत होते, कारण तेव्हा ओल असेल. चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. मी आजवर ते ऐकून सोडून देत होतो.

मी धाकट्याला हाक मारली. "काय दिसतंय बघ." तो खुरपे घेऊन रानात गेला, तीन ठिकाणी उकरले आणि परत येऊन म्हणाला, "चार बोटं ओल हाय. खाली ठक्क कोरडं."

"मग?"

"थांबू या की, आबा."

आम्ही नऊ दिवस थांबलो. शेजारच्या पाभरी चालल्या होत्या तेव्हा माझी झोप उडाली होती, हे खोटे कशाला सांगू? दहाव्या रात्री पाऊस लागला. पेरणी एकदाच झाली. पीक रानात उभे आहे. काढणीला अजून वेळ आहे, म्हणून आताच बढाई मारत नाही. पण वहीत "मृगात पेरणी" या ओळीपुढे आता "ओल बघून" असे दोन शब्द आहेत, आणि ते अक्षर माझे नाही.

तुमच्याही घरी अशी एखादी यादी असेल. पेरणीची, लग्नकार्याची, मुलांच्या शिक्षणाची. ती फाडू नका, कष्टाने झालेली असते. फक्त प्रत्येक ओळीपुढे कारण लिहून पाहा, आणि लिहिताना घरातल्या धाकट्याला जवळ बसवून घ्या.