चटणी खवटते कशानं?

मे महिन्यात आमच्या ठाण्याच्या घरी दोन डबे येतात. कणकवलीहून आईचा मालवणी मसाला आणि कोल्हापूरहून सासूबाईंची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला. वर्षभर टिकतो, असं दोघीही छातीठोकपणे सांगतात. पण एकाच कपाटात, एकसारख्या बरण्यांत ठेवूनही मालवणी मसाला शिमग्यापर्यंत चांगला राहतो आणि चटणीला दिवाळीच्या सुमारास वास यायला लागतो.

सासूबाईंचं निदान ठरलेलं : "ओला चमचा घातला असशील." मी घातला नव्हता. पाणी गेलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या, बुरशी धरली असती. ही चटणी चांगली मोकळी होती, फक्त खवट.

फरक बरणीत नव्हताच, पाककृतीत होता. आईच्या मसाल्यात मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, लवंग असं सगळं. खोबरं मात्र नाही, ते ती रोजच्या वाटपात ताजं घेते. सासूबाईंच्या चटणीत सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि तेलात परतलेला कांदा-लसूण. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं, तिळातही जवळपास निम्मं. डंकावर कुटलं की हे तेल सगळ्या भुकटीला लागतं आणि हवा, ऊब, दमटपणा यांनी बिघडत जातं.

मग तीच चटणी कोल्हापुरात कशी टिकते? तिथलं माजघर काळोखं आणि गार. चिनी मातीच्या बरणीत चटणी दाबून भरतात, म्हणजे आत हवा कमी उरते. वर दादरा बांधतात आणि रोजच्यासाठी लहान डबा वेगळा असतो, त्यामुळे मोठी बरणी क्वचितच उघडते. मधेमधे हिंगाचे खडेही घालतात. माझ्या मते हिंग किड्यांना आवरतो, खवटपणाला नाही. पण हे सासूबाईंसमोर बोलायची माझी टाप नाही. आमचं कपाट गॅसच्या वर. खालून कुकरची वाफ, बाजूच्या खिडकीतून ऊन. काचेच्या बरणीची खिडकीकडची बाजू तर विटकरी पडायची, ब्याडगीचा रंग उजेडानं उतरतो म्हणून.

आता चटणी लहान पिशव्यांत हवा काढून फ्रीजरमध्ये जाते. बाहेर काढलेली पिशवी लगेच उघडत नाही. पावसाळ्यात गार चटणीवर हवेतलं पाणी सुटतं आणि मग ओल्या चमच्याचा आरोप खरा ठरायचा! खोलीइतकी कोमट झाली की डब्यात भरते. डबा गॅसपासून लांब, कडधान्यांच्या शेजारी.

खोबऱ्याशिवाय चटणी करून द्याल का, असंही एकदा विचारून पाहिलं. "मग ती चटणी कसली?" एवढंच उत्तर आलं. शेवटी तोडगा निघाला : मे महिन्यात निम्मीच चटणी ठाण्याला येते, उरलेली त्यांच्या माजघरात राहते आणि दिवाळीला येईल त्याच्या पिशवीत पडते. नेणारा कुरकुरतो, कारण कपड्यांना महिनाभर लसणाचा वास येतो.