शेंद्र्यातील अनारसे

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या दिशेने निघाले की चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडते आणि थोड्याच वेळात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. एके काळी हा सारा मुलूख कोरडवाहू शेतीचा होता. ज्वारी, बाजरी, कापूस आणि तूर ही येथील पिके. शेंद्रा कमंगर हे गाव पंचक्रोशीत मांगीरबाबांच्या देवस्थानामुळे ओळखले जाई. पुढे कारखाने आले. स्कोडा कंपनीच्या मोटारी येथे २००१ पासून जुळवल्या जाऊ लागल्या. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ या शेंद्रा-बिडकीन नगरीतील ऑरिक हॉलचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. रस्ते रुंद झाले, शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या आणि बिहार, ओडिशा, तेलंगण, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून कामगारांची कुटुंबे येथे येऊन राहिली.

या वसाहतींच्या आधाराने व्यापारही वाढला. किराणा, धान्य, हार्डवेअर आणि बांधकाम साहित्याची दुकाने महामार्गालगत उभी राहिली व शहरातील काही जैन कुटुंबे दुकानामागोमाग राहायलाही इकडे आली. अशाच एका धान्य व्यापाऱ्याच्या घरातील मार्गशीर्षातील एका दिवसाची ही हकिगत आहे. त्या दिवशी त्या घरात अनेक वर्षांनी अनारसे झाले.

या भागात तांदूळ पिकत नाही. तो विकत आणायचा. रोजच्या ताटात भाकरी आणि भात सणासुदीला, अशी जुन्या घरांची रीत होती. म्हणूनच तांदळाच्या पक्वान्नाला मान मोठा. अधिक मासात जावयाला ३३ अनारशांचे वाण देण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि दिवाळीच्या फराळातही अनारशाची पंगत वेगळीच असते. ज्या गृहिणीचे अनारसे जाळीदार होतात तिचे नाव नात्यागोत्यात होते. कढईत टाकलेला अनारसा तुपात विरघळून पसरला तर ‘अनारसा हसला’ म्हणतात. तो हसला की करणारीच्या डोळ्यांत मात्र पाणी येते!

या घरातील आजींचे अनारसे कधी हसले नाहीत, असे त्यांच्या लेकी आजही सांगतात. परंतु आजोबांच्या निधनानंतर आजींनी आहाराच्या मर्यादेचा नियम घेतला आणि त्याच वर्षी घरातून अनारसे हद्दपार झाले.

कारण साधे होते. रूढ पद्धतीत तांदूळ ३ दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. नंतर ते निथळून, सावलीत कापडावर पसरून, थोडे दमट असतानाच कुटतात व बारीक चाळतात. त्या पिठात गूळ किंवा पिठीसाखर आणि थोडे तूप मळून गोळे डब्यात भरतात. ते गोळे पुन्हा काही दिवस मुरतात. या मुरण्यामुळे पिठाला किंचित आंबूसपणा येतो आणि तळताना जाळी पडते. नेमके हेच मर्यादेत बसत नाही. कोरड्या पिठाचीही मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानली जाते; मग दिवसचे दिवस ओले राहिलेले तांदूळ आणि मुरवलेले पीठ नियमवाल्याला कसे चालावे? त्यातच खसखस बहुबीज म्हणून वर्ज्य. आजींनी कोणाला अडवले नाही. “तुम्ही करा, खा,” असे त्या म्हणत. पण ज्यांच्या हाताचे अनारसे, त्यांनीच ते तोंडात घालायचे नाहीत, हे घरातल्यांना रुचेना. हळूहळू कोणी करीनासे झाले.

सूनबाई एम.कॉम. झालेल्या, वसाहतीतील एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. त्या या घरात आल्या तेव्हा अनारसे बंद होऊन काही वर्षे झाली होती. सासरच्या अनारशांची कीर्ती त्यांनी ऐकली होती, चव मात्र घेतली नव्हती. आजींचे वय ८० च्या पुढे गेलेले. विद्या हातातली, वहीत उतरलेली नाही. आणखी काही वर्षे अशीच गेली असती तर ती आजींबरोबरच संपली असती. नियम मोडायचा प्रश्न नव्हता. विद्या राखायची होती.

वाट सापडली ती शेजारच्या घरात. तेथे तेलंगणातील एक कुटुंब राहते. यजमान एका कारखान्यात कामाला आहेत. संक्रांतीला त्या बाईंनी करून आणलेल्या पदार्थाचे वर्णन सूनबाईंनी आजींना ऐकवले : तांदूळ, गूळ, वरून तीळ, तांबूस रंग. त्याला त्या ‘अरिसेलु’ म्हणतात. आजी हसून म्हणाल्या, “अगं, हा तर आपला अनारसाच की!”

खरोखरच हा पदार्थ देशभर पसरलेला आहे. तमिळनाडूत त्याला अधिरसम म्हणतात, ओडिशात अरिसा पिठा, उत्तराखंडात अरसा. बिहारात गयेचा अनरसा प्रसिद्ध आहे. भिजवलेल्या तांदळाचे दमट पीठ, गोडवा आणि तळण हे सूत्र सर्वत्र एक. नाव आणि हातोटी मात्र प्रांतागणिक बदलते. तेलुगू पद्धतीत पीठ मुरवत नाहीत. गुळाचा पाक करून त्यात ताजे दमट पीठ घालतात आणि लगेच तळतात. तांदूळ बहुधा रात्रभर भिजवतात, पण बारीक कोलम ५ तासांतही दळण्याजोगा होतो. हे कळल्यावर आजींनी बोटांवर हिशेब मांडला. सूर्योदयानंतर भिजवायचे, दुपारी दळायचे, सूर्यास्तापूर्वी खायचे. “मग अडचण कुठे आहे?” त्यांनीच विचारले.

ठरलेल्या रविवारी सकाळी ७ वाजता गाळलेल्या पाण्यात पाऊण किलो कोलम भिजला. १२ वाजता तो निथळून स्वच्छ पंचावर सावलीत पसरला. तांदूळ मुठीत दाबला तर हाताला ओल लागावी पण पाणी सुटू नये, ही आजींची कसोटी. अर्ध्या तासाने मिक्सरमध्ये थोडा थोडा दळून बारीक चाळणीने चाळला. पिठाची मूठ वळली की गोळा टिकत होता. अर्धा किलो तांदळाचे पीठ गोडासाठी आणि पाव किलोचे खाऱ्यासाठी, अशी वाटणी झाली. पीठ वाळू नये म्हणून परातीवर झाकण घातले.

साडेतीनशे ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घेतला आणि पाक उकळत ठेवला. खरी परीक्षा येथेच. वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. बोटांनी गोळा केल्यावर त्याची मऊ गोळी झाली की विस्तव बंद. पाक कच्चा राहिला तर अनारसा हसतो. पुढे गेला तर दगड होतो. शेजारच्या बाई पाकाकडे पाहत होत्या, आजी बाईंकडे. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येते, “बस, अम्मा?” “अजून थोडं, बाई,” एवढ्यावर काम भागले. २ चमचे तूप व वेलदोड्याची पूड पडली आणि गरम पाकात पीठ मूठमूठ करून मिसळले गेले.

तरीही पहिला अनारसा हसला. तुपात पसरून त्याचे तुकडे झाले. सूनबाईंचा चेहरा उतरला. आजींनी शांतपणे दोन मुठी पीठ मिश्रणात आणखी घालायला सांगितले. पीठ थोडे अधिक चाळून ठेवण्याची त्यांची जुनी सवय त्या दिवशी उपयोगी पडली. दुसरा अनारसा तिळांवर थापून मध्यम आचेवर सोडला. तो फुलून वर आला आणि कडा तांबूस झाल्या. मराठी रीतीत अनारसा उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप सोडतात. तेलुगू रीतीत दोन्ही बाजू तळून दोन झाऱ्यांमध्ये दाबून तूप निथळवतात. निम्मे एका रीतीने झाले, निम्मे दुसऱ्या.

मग खारे वडे. उरलेल्या पिठात तीळ, ओवा, मीठ, लाल तिखट आणि कडकडीत तुपाचे मोहन घालून थोड्या गरम पाण्याने घट्ट मळले. कांदा, लसूण, बटाटा यांची गरजच नव्हती. पुरीपेक्षा लहान, थोडे जाडसर वडे थापून प्रत्येकाला काट्याने टोचे मारले. टोचे विसरले तर आतली वाफ कोंडून वडा तेलात फुटतो आणि तेल अंगावर उडते. मुलांना लांब ठेवावे ते यासाठी. मंद आचेवर तळलेले हे वडे कुरकुरीत होतात. तेलंगणात याच धर्तीच्या पिठाची कापडावर वेढी घालून ‘सकिनालु’ करतात, असे बाईंनी दाखवून दिले. त्यांची चार वेढी सुबक झाली, सूनबाईंची दोन मोडली.

पाच वाजता कढई उतरली. मार्गशीर्षात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. आजींच्या ताटात एक अनारसा आणि दोन खारे वडे वाढले गेले. त्यांनी तुकडा मोडून आतली बाजू उजेडाकडे धरून पाहिली. “जाळी कमी आहे,” त्या म्हणाल्या. घरातले सारे गप्प झाले. आजींनी घास तोंडात घातला, सावकाश खाल्ला आणि पुढे म्हणाल्या, “तीन दिवसांचं काम एका दिवसात केलं, तर एवढं कमी होणारच. चव मात्र तीच आहे.” मग त्यांनी दुसरा मागून घेतला.

डबा भरून ठेवायचा नव्हता. अंधार पडण्याआधी नातवंडांनी शेजारीपाजारी ताटे पोचवली. गल्लीतील एका बिहारी घरातून ताट परत आले तेव्हा निरोपही आला : आमच्याकडेही हे करतात, पुढच्या वेळी आम्हालाही बोलवा.

रात्री सूनबाईंनी हिशेबाच्या वहीसारखीच रेघ ओढून एका वहीत प्रमाणे लिहिली : तांदूळ, गूळ, वेळा, पाकाची खूण. आजींनी ती वाचून घेतली आणि एकच दुरुस्ती सांगितली. शेवटी एक ओळ वाढवायला लावली : ‘दोन मुठी पीठ नेहमी बाजूला ठेवावे.’