चार पानांची आज्जी

परवा पोस्टात गेले होते. लातूरच्या एका विद्यार्थिनीला आमचा जुना कथासंग्रह हवा होता. सवयीनं पाकिटाचं एक तोंड उघडं ठेवलं होतं, वर 'रजिस्टर्ड बुकपोस्ट' लिहिलं होतं. खिडकीतला मुलगा म्हणाला, "हे 2024 च्या डिसेंबरातच बंद झालं, मॅडम. स्पीड पोस्ट करा." त्यानं सांगितलेला आकडा आणि पुस्तकावर छापलेली नव्वद रुपये किंमत यांत फारसं अंतर नव्हतं. पैसे दिले. पण पाकीट काट्यावर चढलं तेव्हा उगाचच मनात आलं, यात चार पानं कमी आहेत.

ती पानं माझ्या कथेतली. त्यांत एक आज्जी होती.

गेल्या शतकाची शेवटची वर्षं. कोल्हापुरात आम्ही सातजण लिहिणारे. कुणी शाळेत, कुणी बँकेत, एकजण एसटीत. दिवाळी अंकांत अधूनमधून नाव यायचं, तेवढ्यावर वर्षभर मान ताठ. प्रकाशकांकडून उत्तरं मात्र दोनच प्रकारची: कथासंग्रह खपत नाहीत, किंवा इतक्या प्रती तुम्हीच विकत घ्या. शेवटी रंकाळ्यावर भेळ खाताना ठरलं, आपणच वर्गणी काढू. ती सगळ्यांची सारखी की ज्याच्या त्याच्या पानांप्रमाणे, यावर बैठका झडल्या. सारखी ठरली. पुढच्या भांडणाचं मूळ तिथंच.

आमच्यातल्या बँकवाल्यांना दाखले द्यायची भारी हौस. कागदाचा भाव काढायला बसलो की ते रविकिरण मंडळावर जायचे. 1923 साली पुण्यात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारच्या चहाला जमत. त्यातूनच 'किरण' हा सगळ्यांचा मिळून संग्रह निघाला. मग दुसरं कुणीतरी अत्रे काढायचं. 1925 मध्ये 'झेंडूची फुले' आली आणि याच कवींची यथेच्छ टर उडवली गेली. "टर उडवायलासुद्धा आधी कुणीतरी वाचावं लागतं," एसटीवाले म्हणायचे. तिथून गाडी अरुण कोलटकरांवर. ते मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळं आमचा त्यांच्यावर हक्कच. 1976 च्या आसपास आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि कोलटकर अशा चौघा कवींनी मिळून मुंबईत 'क्लिअरिंग हाउस' चालवलं, 'जेजुरी' त्यांनीच काढली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल पारितोषिक मिळालं. त्यांच्याकडं मुखपृष्ठ करणारा घरचाच होता. आमचं मुखपृष्ठ दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं केलं, आणि चांगलं केलं. कागदाचा भाव त्या दिवशीही राहून गेला.

छपाईचा हिशेब फॉर्म्यावर चालतो. सोळा पानांचा एक फॉर्मा. आमचं पुस्तक डेमी आकारात 180 पानांचं भरलं, म्हणजे अकरा फॉर्मे आणि वर चार पानं. प्रेसवाले म्हणाले, चार पानांसाठीही प्लेट वेगळी, मशीनही वेगळं लावायचं, वर बाइंडर कुरकुरणार. बारा फॉर्मे करा, नाहीतर चार पानं काढा. वर्गणी तर संपलेली.

सगळ्यांनी एका गृहस्थांकडं पाहिलं. त्यांची कथा 42 पानांची. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माझ्या कथेत काढण्यासारखं काही नाही."

यावर कुणाला पुढं बोलताच येईना. मीच म्हटलं, माझी काढते. त्यात औदार्य काही नव्हतं, घरी जाऊन कुकर लावायचा होता.

माझ्या कथेतली नायिका कायमची माहेरी येते. घरात ते कुणाला ठाऊक नसतं. आज्जीला दिसत नाही, पण पावलांवरून तिला कळतं. ती काहीच विचारत नाही. आपली वाकळ भिंतीकडं सरकवते आणि नातीला अंथरुणात जागा करून देते. आज्जी नसली तरी कथा चालत होती, म्हणून तीच काढली.

डीटीपी करणारी मुलगी विशीतली. श्रीलिपीत तिची बोटं फार चपळ. दुरुस्त्या घालताना थांबली.

"बाई, आज्जी कुठं गेली?"

"काढली. पानं जास्त होत होती."

"मग आता हिला जागा कोण देणार?"

वाचणाऱ्याला ते जाणवेल, असं काहीतरी मी म्हटलं. "मी टाइप केलंय म्हणून मला माहितीय," ती म्हणाली. "बाकीच्यांस्नी कसं कळायचं?" आणि तिनं मजकूर निवडून पुसला.

पुस्तक निघालं. समारंभात ते गृहस्थ बोललेही सगळ्यांत जास्त. त्यांच्या कथेतली कुठली चार पानं काढता आली असती, हे मी आजही सांगू शकते. घाटातल्या पावसाची. तो पाऊस थांबतच नाही, आणि त्यात कुणी भिजतही नाही.

बँकवाल्यांनी मग एक कायदा शोधून काढला, 1954 चा. नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची. प्रकाशक म्हणजे आम्हीच. पाठवल्या. तेव्हा छापलेल्याला चार शहरांत कपाटं मिळाली. वगळलेल्याला एक डीटीपी करणारी मुलगी. ती पुढं लग्न होऊन इचलकरंजीला गेली. फ्लॉपी गेली, हस्तलिखित प्रेसच्या रद्दीत गेलं. तिच्या डोक्यात अजून असली तर आज्जी असेल.

मध्यंतरी ती पानं पुन्हा लिहायला बसले. जमलं नाही. आता आज्जी बोलायला लागते. नातीला प्रश्न विचारते, सल्ले देते, वाकळ सरकवायचं विसरूनच जाते. तेव्हा मी नातीच्या बाजूनं लिहीत होते. आता वयानं पलीकडं आले, आणि पलीकडच्या माणसाला गप्प बसणं किती कठीण असतं, ते कळायला लागलंय.

हल्ली इथली काही मुलं मिळून एक कथासंग्रह काढताहेत. हव्या तेवढ्याच प्रती छापून घेणार, गठ्ठे माळ्यावर चढवायचा प्रश्नच नाही. माझ्याकडं कथा मागितली तेव्हा विचारलं, किती पानं? म्हणाली, "कितीही द्या, मॅडम." तरी मी छोटीच दिली. तुमच्या वेळचं आणखी कुणी लिहितं का, म्हणाली. मी त्या गृहस्थांचा नंबर दिला.

त्यांची कथा आली. अपेक्षेप्रमाणे भलीमोठी. मुलं ती घेऊन माझ्याकडं आली, जरा अवघडूनच. "थोडी कमी करायला सांगू का त्यांना?"

मी ती हातातही घेतली नाही. म्हटलं, राहू दे. त्यात काढण्यासारखं काही नसणार.