शाफ्टची चावी

आमच्या कोंढव्यातल्या सोसायटीत फायबरचं इंटरनेट घ्यावं की नाही, यावर वर्षभरात तीन सभा झाल्या. पाण्याच्या टँकरवरही एवढं बोलणं झालं नव्हतं.

पहिल्या सभेत एक काका म्हणाले, "रेडिएशन वाढेल." फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू, त्यातून फक्त प्रकाश जातो, हे मी वर्गात समजावते तसं समजावलं. "ते ठीक आहे मॅडम, पण भिंतींना भोकं पडणार त्याचं काय?" हा मुद्दा मात्र खरा होता. आमच्या शाफ्टमध्ये आधीच पाइप, तुटक्या वायरी आणि कबुतरं यांची दाटी आहे. म्हणून मी सुचवलं, प्रत्येक कंपनीची वेगळी वायर नको. एक सामाईक पाइप टाका, मजल्यावर पेटी बसवा, तिथून घरोघरी जोडणी द्या. एका तंतूवरून स्प्लिटर लावून 32 घरांना जोडणी देता येते. आमची घरं 28.

पण घोडं पेंड खात होतं दुसरीकडेच. जुना केबलवाला सोसायटीला दरमहा काही रक्कम देतो, वॉचमनच्या पगाराला तिचा हातभार लागतो. दुसरा आला की ती बंद. त्यामुळे शाफ्टची चावी सेक्रेटरींकडेच राहते आणि नवीन कंपनीचा माणूस आला की ती सापडत नाही.

28 पैकी 11 घरांत भाडेकरू आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे मत सभासदाला. भाडेकरू फार तर नाममात्र सभासद, त्याला मत नाही. शिकणारी मुलं मात्र जास्त त्याच घरांत. बारावीतली एक मुलगी रात्री दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून व्हिडिओ लेक्चर बघते, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळते. तिचे अब्बू घरमालकाला काही बोलत नाहीत. नाव ऐकून चार ठिकाणी नकार मिळाल्यावर हे घर मिळालंय. असा माणूस इंटरनेटसाठी भांडेल कसा?

दुसऱ्या सभेत एक चाचा म्हणाले, "पोरींच्या हातात चोवीस तास नेट कशाला?" मी त्यांना फहीमा शिरीनची गोष्ट सांगितली. केरळमधली कॉलेजची विद्यार्थिनी. होस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करायचा नियम होता. तिने नकार दिला, होस्टेलमधून काढलं गेलं. ती हायकोर्टात गेली. 2019 साली कोर्टाने इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात येतो, असं म्हणत तिला परत घ्यायला लावलं. चाचा म्हणाले, "केरळात चालतं ते सगळं." मागे बसलेल्या त्यांच्या सूनबाई हसल्या, तेवढंच.

तिसऱ्या सभेला मी दुसरा मुद्दा काढला. इमारतीत डिजिटल जोडणी कशी आहे यावरून तिला तारे द्यायचे नियम ट्रायने 2024 साली काढलेत. पुढेमागे फ्लॅट घेणारा तेही विचारेल. फ्लॅटच्या भावाचं नाव काढताच सगळे सरसावून बसले. मुलीच्या अभ्यासाने जे झालं नाही, ते भावाने झालं. बरं वाटलं आणि वाईटही.

आता दोन कंपन्यांकडून लेखी दर मागवायचं ठरलंय. मी सामाईक पाइपच्या मागणीचा अर्ज मराठीत लिहिला, खाली उर्दूतही. सभासदांच्या नऊ सह्या झाल्यात. अकराही भाडेकरूंच्या सह्या वेगळ्या कागदावर घेऊन जोडल्यात. सेक्रेटरी म्हणाले, "या मोजल्या जाणार नाहीत." म्हटलं, "असू द्या, फाइलला लावून ठेवा."