कलम अठरा

ऑफर लेटर सदतीस पानांचं होतं. मी ते दापोलीच्या एसटी स्टँडवर फोनमध्ये उघडलं, पगाराचं पान पाहिलं आणि तळाच्या चौकोनात बोटाने सही केली. कलम अठरा वाचलं ते अडीच वर्षांनी. नोकरी सोडल्यावर कंपनीने दोन महिन्यांचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे, एकूण १ लाख ३८ हजार रुपये अडकवून ठेवले, तेव्हा. विचारलं तर एचआरचं एका ओळीचं उत्तर आलं: कलम अठरा पाहावे.

कलमात तीन गोष्टी होत्या. वाद कोर्टात न जाता लवादाकडे जाईल, लवाद कंपनी नेमेल आणि सुनावणी गुरुग्रामला होईल.

मी हिशोब केला, कारण तेवढंच मला नीट येतं. १९९६ च्या लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला लवादाची फी ४५ हजार सुचवली आहे. लवाद एकच असेल तर वर पंचवीस टक्के, म्हणजे ५६ हजार २५०. निम्मी माझी धरली, तरी वकील वेगळा आणि खेडहून रेल्वेने दिल्लीच्या खेपा वेगळ्या. माझ्याआधी सोडून गेलेल्या दोघांना विचारलं. दोघांनीही कलम वाचून पैशांवर पाणी सोडलं होतं. मीही सोडणारच होतो.

आत्येचे यजमान इथल्या कोर्टात वकिली करतात. कागद चाळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या हाताखाली किती माणसं?"

"एकही नाही, काका."

"मग तू कामगार. तांत्रिक काम करणारा, कोणावर देखरेख न करणारा."

मला तो शब्द अंगावर घ्यायला जड गेला. कामगार आमचे आजोबा होते, परळच्या गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. तेव्हा दत्ता सामंतांची एक मागणी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा हटवण्याची होती. त्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एका मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता. कामगारांना ती नको असली तरी. आपल्या भांडणात आपला माणूस दुसऱ्याने ठरवायचा, हे आजोबांना शेवटपर्यंत खुपत राहिलं. मी मात्र इंजिनिअर, म्हणून मला ते लागू नाही अशी माझी समजूत. (कॉलेजात आम्हाला औद्योगिक कायद्याचा एक विषय होता. मी त्यात पास झालो आहे.)

काकांनी दोन निकाल दाखवले. किंगफिशर एअरलाइन्सच्या वैमानिकांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा कंपनीने करारातल्या लवादाकडे बोट दाखवलं होतं. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, कामगार कायद्याने दिलेले हक्क असे खाजगी लवादाकडे ढकलता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ह्युंदाई ऑटोएव्हरच्या प्रकरणात वेतनाचा वाद लवादाचा विषय नाही असं म्हटलं आणि कर्मचाऱ्याला पाच लाख रुपये खर्च देण्याचा आदेश कंपनीला दिला. शिवाय वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमण्यालाही २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचा आक्षेप आहे.

"मग हे कलम छापतातच का?" मी विचारलं.

"तू पैसे सोडणार होतास ना? मग झालं की त्याचं काम," काका म्हणाले.

ते दोघे मित्र डोळ्यांसमोर आले. त्यांना कोर्टात कोणी हरवलं नव्हतं. ते तिथवर पोचलेच नव्हते.

नोटीस गेली. अकराव्या दिवशी कंपनीचा मेल आला: ऐंशी हजार लगेच देऊ, सोबतच्या चार पानांवर सही करा. या वेळी मी चारही पानं वाचली. थकबाकीचा आकडा कोणालाही सांगायचा नाही, आणि जुन्या सहकाऱ्यांशी या विषयावर बोलायचं नाही, अशी तिसऱ्या पानावर अट आहे.

आकडा वर दिला आहे. त्या दोघांनाही फोन केला आहे. एकजण येत्या रविवारी कागद घेऊन दापोलीला येतोय.