पडद्याआडचे सीडी प्लेयर

दोन महागड्या सीडी प्लेयरमधला फरक ऐकू येतो की नुसता दिसतो, हे ठरवायची रीत एकच आहे. यंत्रे नजरेआड ठेवायची, दोन्हींचा आवाज काटेकोरपणे सारखा करायचा आणि आत्ता कोणते वाजते आहे ते ऐकणाऱ्याने सांगायचे. चाचणी घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसेल, तर चाचणी डबल-ब्लाइंड. रीत सोपी असली तरी तिच्यावरून चाळीस वर्षे भांडण चालू आहे. पहिला सीडी प्लेयर ज्या पिढीने हौसेने घरी आणला, तीच पिढी या चाचण्यांना बसत आली. दरम्यान यंत्रे बदलली आणि कानही.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला, किंमत १ लाख ६८ हजार येन. सोनी आणि फिलिप्स यांनी तबकडीचे मानक आधीच ठरवले होते: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. आवाज परिपूर्ण आणि कायम तसाच राहील, असे जाहिरातींचे वचन होते. ते शब्दशः खरे असते तर सगळे प्लेयर सारखेच वाजले असते. पण सोनीच्या त्या पहिल्या यंत्रात दोन्ही चॅनेलना मिळून एकच डॅक, म्हणजे आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप, होती. त्यामुळे एक चॅनेल दुसऱ्याच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे पडे. फिलिप्सच्या हाती चिप १४ बिटांचीच होती, म्हणून तिने नमुन्यांचा वेग चौपट करून उणीव भरून काढली. कागदावर कमी दिसणारी ही युक्ती पुढे जवळजवळ सगळ्यांनी उचलली.

याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड क्लार्क यांनी एबीएक्स पेटीचे वर्णन प्रसिद्ध केले (१९८२). ऐकणाऱ्याला अ आणि ब ही यंत्रे हवी तितकी ऐकता येतात. मग क्ष हे त्यांपैकी कोणते, ते सांगायचे. दर फेरीला क्ष पुन्हा नव्याने निवडला जातो. जानेवारी १९८६च्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’मध्ये इयान मास्टर्स आणि क्लार्क यांनी सगळे सीडी प्लेयर सारखेच वाजतात का, असा थेट प्रश्न विचारणारा लेख लिहिला. लेखाचा रोख असा, की फरक असले तरी संगीत ऐकताना ते फारसे हाती लागत नाहीत. कानसेनांना हे रुचले नाही, आणि त्यात नवल नाही. महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मोजलेल्या माणसाला ते रुचावे तरी कसे?

चाचणीत कस लागतो तो मांडणीचा. प्लेयरने कमाल पातळीला २ व्होल्ट द्यावेत असा संकेत आहे. महागडी यंत्रे अनेकदा २.३ किंवा २.५ व्होल्ट देतात. डेसिबलमध्ये हा फरक अनुक्रमे सव्वा आणि जवळजवळ दोन. एवढी वाढ कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही; ती ‘अधिक मोकळा’, ‘अधिक जिवंत’ म्हणून कळते. दुकानातली निम्मी जादू इथेच असावी. म्हणून पातळ्या ०.१ डेसिबलच्या आत जुळवाव्या लागतात, आणि तेही कानाने नव्हे, मीटरने. दुसरी अडचण वेळेची. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांत एकदम सुरू कराव्या लागतात. एक यंत्र जरा मागे राहिले की बदल करताना सूर अडखळतो आणि क्ष उघडा पडतो. शिवाय दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंदांची तफावत साचते. ट्रेचा खडखडाट किंवा मोटरची घरघर कानी पडली तर पडदा असून नसल्यासारखा.

निकालाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. सोळा फेऱ्यांत बारा किंवा अधिक बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी, म्हणून बाराची रेघ धरतात. पण ज्याचे उत्तर एरवी दहापैकी सात वेळा बरोबर येते, असा श्रोताही सोळा फेऱ्यांत ही रेघ गाठतो तो निम्म्याहून कमी वेळा. लेस लेव्हेंथल यांनी १९८६ मध्ये याच उणिवेवर बोट ठेवले. नापास होणे म्हणजे फरक नसणे नव्हे. ब्लाइंड टेस्टच्या कट्टर भक्तांना याचा सोयीस्कर विसर पडतो.

विरोधकांचे लाडके उदाहरण जॉन अॅटकिन्सन यांचे. ‘स्टिरिओफाइल’चे संपादक होण्याआधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, ते अँप्लिफायरच्या एका चाचणीला बसले. फरक ओळखता आला नाही म्हणून त्यांनी क्वाड ४०५ घेतला, आणि काही काळाने संगीतातली गोडीच ओसरल्याचे त्यांना जाणवले. एबीएक्सच्या प्रणेत्यांपैकी आर्नी क्रूगर यांच्याशी २००५ साली न्यूयॉर्कमध्ये जाहीर वाद झाला, तेव्हाही त्यांनी हीच हकीकत सांगितली. ती खोटी मानायचे कारण नाही. एवढेच, की त्या काळात तो अँप्लिफायर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होता. डोळ्यांचा हा प्रभाव फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरच्या बाबतीत दाखवला. स्पीकर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण ब्रँड आणि आकाराकडे झुकले. पडदा आल्यावर तेच गुण बदलले.

नव्वदच्या दशकात ती सीडीची पिढी चाळिशीला आली, खिसा भरला आणि प्लेयरचे दोन भाग झाले: तबकडी फिरवणारा ट्रान्सपोर्ट वेगळा, डॅक वेगळा. लिनचा सीडी१२ तर अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला, किंमत १२ हजार पौंडांच्या घरात. विक्रीच्या बोलीत आता ‘जिटर’ आला, म्हणजे नमुन्यांच्या वेळेतली थरथर. १९९८ मध्ये डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन यांच्या चाचण्यांत संगीतातला जिटर ओळखू आला तो दहा-वीस नॅनोसेकंदांच्या पुढे गेल्यावरच. बऱ्या प्लेयरमध्ये तो नॅनोसेकंदाच्याही अंशात असतो. सीडीचे मानकच अपुरे पडते का, हे पाहायला २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अधिक बारकाईचे ध्वनिमुद्रण थेट, आणि तेच सीडीच्या मानकातून गाळून, असे ऐकवले. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे छापा-काट्याइतकीच.

तरी सगळे प्लेयर एकसारखे म्हणणे चूकच. ऑडिओ नोटच्या यंत्रांत डिजिटल फिल्टर मुद्दाम वगळलेला असतो. अशा रचनेत, पुढे भरपाई केली नसेल तर, २० हजार हर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबल उतरतो. व्हॉल्व्हचा निर्गम-टप्पा स्वतःचा रंग मिसळू शकतो. असे फरक ब्लाइंड टेस्टमध्येही सापडू शकतात, आणि ते मापनातही दिसतात. मात्र वरची पट्टी ऐकायला तसे कान हवेत. विशीत सतरा-अठरा हजार हर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्याला साठीत बहुधा बारा हजारांपलीकडचे ऐकू येत नाही. सर्वांत महाग यंत्र परवडते ते नेमके याच वयात.

आता हीच चाचणी घरबसल्या एकट्याने करता येते. दोन यंत्रांचा निर्गम संगणकावर मुद्रित करायचा, पातळी आणि आरंभ जुळवायचा आणि फूबार२००० मधल्या एबीएक्स सोयीने फेऱ्या करायच्या; मुद्रण करणाऱ्या यंत्राची छाप दोन्हींवर सारखीच पडते, तेवढी मर्यादा उरते. ऐंशीच्या दशकातली यंत्रे अशा तुलनेला आणली तर एक वेगळीच पंचाईत होते. त्यांचे लेसर दुबळे झालेले असतात, सुटे भाग मिळेनासे झालेले असतात, आणि तबकडी मध्येच अडकू लागली की क्ष कोणता हे सांगायला कुणाचाच कान तयार असावा लागत नाही.